बावन्न भागांचा मोगली

एखाद्या लेखकाचे समग्र वाङ्मय प्रकाशित करण्याचा संकल्प सोडला की संपादकापुढे पहिली अडचण उभी राहते ती 'समग्र' या शब्दाचीच. पत्रे घ्यावीत काय, अपुरी टिपणे घ्यावीत काय, लेखकाने स्वतः मागे घेतलेल्या आवृत्तीचे काय करावे, आणि जी भाषांतरे वाचकांच्या मनात मूळ कृतीइतकीच घर करून बसली, त्यांना या खंडांत जागा आहे की नाही? ग्रंथांच्या बाबतीत हा वाद जुना आहे आणि त्याचे काही संकेतही ठरून गेले आहेत. दूरचित्रवाणीवरील सचेतन चित्रमालिकांच्या, म्हणजे आपण ज्यांना सर्रास कार्टून म्हणतो त्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारल्याचे फारसे दिसत नाही. एखाद्या जुन्या मालिकेचे सर्व भाग एका पेटीत घालून ती 'संपूर्ण' म्हणून विकली जाते, आणि घेणारा भाग मोजून समाधान पावतो. हे समाधान कितपत खरे, याचा विचार करण्यासाठी आपल्या अगदी उंबरठ्यावरचे एक उदाहरण घेता येईल. ते मोगलीचे.

जबलपूरच्या नेपियर टाउनमधून नागपूरच्या दिशेने निघालेला प्रवासी साधारण अर्ध्या वाटेवर सिवनी गाठतो. मराठीत आपण त्या गावाला शिवनी म्हणतो. सातपुड्याच्या या पठारावर वैनगंगा उगम पावते; बालाघाटावरून ती गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत उतरते आणि पुढे चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत वर्धेला मिळते. रडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील टेकड्या त्या याच, नदी हीच, आणि इंग्रजांच्या आश्रयासाठी मेसुआ ज्या खान्हीवाड्याला पळून जाते ते कान्हीवाडा गावही याच जिल्ह्यातले. हा सारा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. जबलपूरही १७९८ नंतर त्यांच्याकडे होते. १८१७ च्या डिसेंबरात ते इंग्रजांनी घेतले. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाल्यापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदली. जबलपूरच्या मराठी घरांचा इतिहास या दीडशे वर्षांत गुंतलेला आहे. मोगलीच्या जंगलाकडे त्यामुळे या घरांना परदेशी लेखकाची कल्पना म्हणून पाहता आले नाही, तर त्यात नवल नाही. माहेरी-सासरी जाण्याच्या वाटेवरचे ते जंगल होते.

ज्याने ते जगाला दाखवले त्याने मात्र ते पाहिल्याचा पुरावा नाही. किपलिंगने मोगलीच्या कथा अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या थंडीत बसून लिहिल्या. पुस्तक १८९४ साली निघाले आणि दुसरा भाग १८९५ साली. सिवनीचा तपशील त्याला मिळाला तो मुख्यतः रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल याच्या 'सिवनी' या १८७७ सालच्या पुस्तकातून, असे अभ्यासक मानतात. हा स्टर्नडेल मध्य प्रांतात अधिकारी होता, शिकारी होता आणि प्राणिशास्त्राचा जाणकारही होता. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ साली सुरू झाले तेव्हा त्याच्या संपादकांत तो होता. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलाची कल्पना मात्र दुसरीकडची. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जबलपूरशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले त्या विल्यम स्लीमनने अशा मुलांच्या हकिकती जमवून १८५२ साली एक छोटी पुस्तिका निनावी छापली होती. पर्यटकांसाठी लिहिलेल्या पत्रकांत स्लीमनचा लांडग्याचा मुलगा सिवनीच्याच रानात सापडला असे ठासून सांगितले जाते. त्याच्या पुस्तिकेतील हकिकती मुख्यतः अवधकडच्या, सुलतानपूर वगैरे भागांतल्या आहेत. स्थानाभिमान समजण्यासारखा आहे, पण इतिहासात त्याला किती जागा द्यायची हे ठरवावे लागते.

किपलिंगच्या प्राण्यांची नावे हा आणखी एक गमतीचा विषय. बालू, शेर खान, हाथी, अकेला, रक्षा ही सारी नावे आपल्या कानांना नावे वाटतच नाहीत. ते बोलीतले साधे शब्द आहेत. याउलट 'मोगली' हा शब्द कोणत्याही भारतीय भाषेतला नाही. त्याचा अर्थ बेडूक, असे किपलिंगने आपल्या सोयीने ठरवले. त्याचा पहिला स्वर 'काउ' या इंग्रजी शब्दासारखा उच्चारावा अशी त्याची सूचना होती. ती आपल्याकडे कोणी मानली नाही.

१९८९ च्या ऑक्टोबरात जपानच्या टीव्ही टोकियो वाहिनीवर 'जंगल बुक : शोनेन मोगुरी' ही मालिका सुरू झाली आणि १९९० च्या ऑक्टोबरात बावन्न भागांनी संपली. निर्मिती निप्पॉन ॲनिमेशनची, दिग्दर्शन फुमिओ कुरोकावा यांचे. याच संस्थेने पाश्चात्त्य बालसाहित्यातील अनेक कृतींना वर्षवर्षभर चालणाऱ्या मालिकांचे रूप दिले होते, आणि तिची पद्धत ठाशीव होती. कथा घाईने सांगायची नाही, एकेका प्रसंगाला पुरा भाग द्यायचा, आणि मृत्यू, विरह, परकेपणा यांपासून मुलांना लपवून ठेवायचे नाही. १९६७ च्या डिस्ने चित्रपटाशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. तेथे गाणी आहेत, नाच आहे, किपलिंगच्या पुस्तकात नसलेला किंग लुई नावाचा वानर आहे. सत्तर-ऐंशी मिनिटांत मुलगा गावात पोचतो आणि खेळ आटोपतो. जपानी मोगली मात्र वाढतो. तो कळपाचा आहे की गावाचा, हा प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा उभा राहतो, आणि माझ्या मते किपलिंगच्या कथांचे मर्म डिस्नेपेक्षा येथे अधिक सांभाळले गेले आहे. अर्थात जपान्यांनीही आपली हौस भागवून घेतली आहे. मोगलीच्या सोबतीला त्यांनी किची नावाचा एक लाल पांडा दिला. हा प्राणी पूर्व हिमालयाच्या थंड अरण्यांतला. सातपुड्याच्या सागवानात तो कसा आला हे निर्मात्यांनाच ठाऊक.

ही मालिका १९९३ साली हिंदीत दूरदर्शनवर आली. उपग्रहवाहिन्या तोवर येऊन पोचल्या होत्या, पण देशातल्या बहुसंख्य घरांत दूरदर्शनच दिसत होते आणि रविवारची सकाळ अजून त्याचीच होती. हिंदी रूपासाठी शीर्षकगीत नव्याने लिहिले गुलजार यांनी आणि त्याला चाल दिली विशाल भारद्वाज यांनी. त्यांचा 'माचिस' यायला तेव्हा तीन वर्षांचा अवकाश होता. शेर खानला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. या शेवटच्या गोष्टीकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे असे वाटते. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. त्याचे वडील तेथे अध्यापक होते. पाटेकर यांचे शिक्षणही जे. जे. मधलेच, उपयोजित कलेचे. सुमारे सव्वाशे वर्षांनी त्याच परंपरेतून आलेल्या एका मुरूडच्या माणसाच्या तोंडून सिवनीचा वाघ बोलला. हिंदी उत्तम, पण तिच्या तळाशी असलेली कोकणी-मराठी धार लपत नव्हती. दात-ओठ खाऊन शब्द तोडण्याची ती तऱ्हा जबलपूरच्या मराठी घरांत ओळखीची वाटणे स्वाभाविक होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशी दोन पेठांची भाषा रोज वापरणाऱ्या मुलांना हा वाघ जवळचाच होता.

जपानी चित्रे, इंग्रजी कथा, उर्दू वळणाचे हिंदी गीत, मराठी गळ्याचा वाघ आणि मध्य प्रांताचे जंगल. या मालिकेची 'संपूर्ण पेटी' करायची म्हणजे नेमके काय करायचे?

आधी साधा हिशेब पाहू. एक भाग पंचवीस मिनिटांच्या आतबाहेरचा. तीन तासांच्या व्हीएचएस फितीवर सात भाग मावतात, म्हणजे आठ फिती लागतात. १९९३ सालीच ज्या व्हिडिओ सीडीचे तंत्र ठरवले गेले, तिच्यात सुमारे सव्वा तासाचे चित्रण राहते. तिच्या हिशेबाने अठरा तबकड्या. डीव्हीडीवर एका थरात साधारण दोन तास बसतात, तेव्हा दहा-अकरा तबकड्यांत काम भागते. भारतीय मध्यमवर्गाने हे तीनही टप्पे पाहिले. व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी भाड्याने आणलेली फीत, मग पदपथावरची व्हिडिओ सीडी, आणि मग मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास अठ्ठावीस रुपयांना सीडी व चौतीस रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हाचा तो स्वस्ताईचा काळ. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत निघाली. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, आणि फिती वाजवणारे नवे यंत्र मिळणेच संपले.

जुन्या फिती घरोघरी उरल्या त्यांची अवस्था पावसाळ्याने केली. चुंबकीय फितीवरचा लेप ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो ते दमट हवेत पाणी शोषून घेते. फीत चिकटते, पांढरी बुरशी धरते, यंत्राच्या डोक्यावर तिचा लेप खरवडून बसतो. नेपियर टाउनमध्येच भंवरतालाजवळ राणी दुर्गावती संग्रहालय आहे. तेथील कलचुरी काळातली दगडी शिल्पे हजार वर्षांचे पाऊस झेलून उभी आहेत. त्यांच्यापुढे तीस वर्षांची फीत म्हणजे काहीच नाही, आणि तरी ती आधी जाते.

जपानहून डीव्हीडीचा एखादा संच मागवणाऱ्यालाही आणखी एक अडथळा होता. डीव्हीडीच्या व्यापारी वाटणीत जपान दुसऱ्या विभागात पडतो आणि भारत पाचव्या. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाचे यंत्र नाकारते. पण हे कुलूप खोलणारी यंत्रे बाजारात मिळत होती. खरा अडथळा आत आहे. जपानी पेटीत बावन्न भाग असतील, चित्र स्वच्छ असेल, आणि तरीही जबलपूरच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ती अपुरीच राहील. तिच्यात गुलजारांचे गीत नाही आणि पाटेकरांचा वाघ नाही.

यामागे भाषांतरित ध्वनीची रीत आहे. परदेशी मालिका विकली जाते तेव्हा तिचे संवाद एका पट्टीवर आणि संगीत व इतर आवाज दुसऱ्या पट्टीवर असे वेगळे दिले जातात. संवादांची पट्टी काढून टाकून तेथे नव्या भाषेतले आवाज बसवतात, शीर्षकगीत बदलले असेल तर तेही घालतात, आणि या सर्वांची मिळून एक नवी मूळप्रत तयार होते. ही प्रत मूळ निर्मात्याच्या कपाटात असेलच असे नाही. ती बनवणाऱ्याकडे किंवा प्रक्षेपण करणाऱ्याकडे राहते, आणि फिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची सवय जगभरच्या प्रसारण संस्थांना होती. दूरदर्शनही तिला अपवाद नव्हते. हक्कांचा गुंता वेगळाच. किपलिंग १९३६ साली वारला आणि पन्नास वर्षांच्या तेव्हाच्या नियमाने १९८६ अखेर त्याचे पुस्तक भारतात सर्वांना मोकळे झाले. त्यावरून निघालेल्या मालिकेच्या हिंदी गीताच्या ध्वनिमुद्रणाला मात्र प्रकाशनापासून साठ वर्षांचे संरक्षण आहे. पुस्तक मुक्त आणि गीत बंदिस्त, अशी ही स्थिती आहे.

ग्रंथालयांनी येथे लक्ष घालायला हवे असे कोणी म्हटले तर ग्रंथपाल कायदा पुढे करतील, आणि त्यांचे चुकत नाही. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चेन्नईचे कन्नेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय व दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पोचते. सामान्यातले सामान्य पाठ्यपुस्तक-मार्गदर्शकही त्यामुळे कोठेतरी जपले जाते. दृक्‌श्राव्य कृतींना तो कायदा लागू नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट सांभाळीत आले आहे. दूरचित्रवाणीसाठी तसे दार कोणते, हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. एका पिढीने जे सर्वांनी मिळून ऐकले ते तपासायचे झाल्यास त्याला खासगी संग्रहांवर, नाहीतर चोरट्या प्रतींवर विसंबावे लागते, आणि प्रबंधात त्यांचा हवाला देता येत नाही.

१९९३ चे ते रूप नाहीसे झाले आहे असे मात्र नाही. २०१६ साली डिस्नेचा नवा चित्रपट हिंदीत आला तेव्हा शेर खानसाठी पुन्हा पाटेकरांनाच बोलावले गेले, बालूला इरफान खान यांचा आणि बघीराला ओम पुरी यांचा आवाज होता, आणि जुने गीत विशाल भारद्वाज यांच्याकडूनच नव्याने करून घेतले गेले. चित्रपट अमेरिकेचा, पण भारतात त्याची जाहिरात करताना कंपनीला दूरदर्शनच्या स्मरणाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे. पुढे एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ती जुनी मालिका पुन्हा दाखवली. म्हणजे हिंदी प्रत कोठेतरी शाबूत आहे. १९९३ साली जी मुले होती ती आता आपल्या मुलांना शेजारी बसवून पाहत होती, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्या खेपेचे सारे आठवत होते.

अशी पेटी उद्या एखाद्या ग्रंथालयात आलीच, तर तालिकाकाराला तिचे कार्ड करताना थोडे अडखळावे लागेल. कर्ता म्हणून किपलिंग लिहावा की कुरोकावा, गीतकार व संगीतकार यांना जोडनोंदीत घालावे की मुख्य नोंदीत, आवाज देणाऱ्यांसाठी निराळा रकाना करावा काय, हे त्याने ठरवावे. विषयाच्या रकान्यात 'सिवनी जिल्हा' आणि 'वैनगंगा' ही नावे मात्र त्याने अवश्य टाकावीत.