सुरुवात नेमकी कुठून?

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे. खायला भरपूर मिळालं की दर 20 मिनिटांनी एकाचे दोन होतात. पण त्याच्या डीएनएची एक नक्कल व्हायलाच सुमारे 40 मिनिटं लागतात. मग हे जमतं कसं?

1963 मध्ये जॉन केर्न्स यांनी या जीवाणूंना किरणोत्सारी थायमिडीन, म्हणजे डीएनएचा कच्चा माल, दिलं. मग त्यांचा डीएनए अलगद पसरून फोटोच्या रसायनाखाली सुमारे दोन महिने अंधारात ठेवला. दिसलं ते मिलिमीटरभराहून थोडं लांब, बंद कडं! आता कड्याला टोक नसतं. मग नक्कल सुरू कुठून व्हायची?

त्याच वर्षी फ्रांस्वा जाकोब, सिडनी ब्रेनर आणि फ्रांस्वा क्युझँ यांनी तर्क मांडला, की कड्यावर एक ठरावीक जागा असणार आणि तिथं जाऊन काम सुरू करणारं एक प्रथिनही असणार. मला याचं विशेष वाटतं. जाकोब यांचं नाव झालं होतं ते जनुकाला ब्रेक लावणाऱ्या रेणूच्या कल्पनेमुळे, आणि इथं त्यांनी किल्ली फिरवणारा रेणू कल्पिला. तोही न पाहता.

पुढे असे जीवाणू सापडले, की 42 अंशांवर त्यांची चालू नक्कल पुरी होई, पण नवी सुरूच होत नसे. बिघाड होता तो डीएनए-ए नावाच्या प्रथिनात. 20 मिनिटांचं कोडं 1968 मध्ये कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी सोडवलं. पहिली नक्कल पुरी व्हायच्या आतच दुसरी सुरू होते. म्हणजे नातीची तयारी आजीच्याच पोटात!

आर्थर कोर्नबर्ग यांना डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमसाठी 1959 मध्ये नोबेल मिळालं होतं. पण 1969 मध्ये केर्न्स आणि पॉला डी ल्युशिया यांना ते एन्झाइम जवळजवळ नसलेला जीवाणू मिळाला, आणि तो मजेत वाढत होता. (त्या जनुकाचं नाव ‘पोल-ए’. पॉलाबाईंची आठवण अशी राहिली.) कोर्नबर्ग मात्र मागे हटले नाहीत. 1981 मध्ये त्यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत, जिवंत पेशीबाहेर, परीक्षानळीत त्या ठरावीक जागेपासून नक्कल सुरू झाली.

ती जागा 46 लाख अक्षरांतली जेमतेम 245 अक्षरांची. एटीपी घेतलेले डीएनए-एचे रेणू तिथं गोळा होतात, शेजारचा सैल भाग उकलतो आणि पुढची यंत्रणा आत शिरते. लगेच पुन्हा सुरुवात होऊ नये म्हणून सेक-ए नावाचं प्रथिन नव्या प्रतींवरची ती जागा काही काळ अडवून बसतं.