नजर वळवण्याची कुळकथा

तेर गावच्या मातीतून निघालेल्या प्राचीन मूर्तींमध्ये लज्जागौरी आहे. गुडघे दुमडून, पाय फाकवून बसलेली ही मातृदेवता. तिच्या अनेक मूर्तींना मुळातच शिर नसते. काहींत मस्तकाच्या जागी कमळ असते. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी १९७८मध्ये तिच्यावर ‘लज्जागौरी’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. धर्माच्या अंगाने तिचा अर्थ सर्जनाशी जोडला जातो. कारागिरीच्या अंगाने पाहिले, तर नजर कुठे वळावी हे ठरवून केलेली ही फार जुनी कृती वाटते.

कारण चेहरा दिसला की माणसाची नजर आधी तिथेच जाते. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात चित्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा डोळे चेहऱ्यांकडे पुन्हा पुन्हा परतताना आढळले. लज्जागौरीत चेहराच नाही. मग नजर थेट उदराकडे उतरते. तेरच्याच सातवाहनकालीन स्त्रीमूर्तींत याच्या उलट घडते. पांढऱ्या केओलीन मातीच्या, दुहेरी साच्यात घडवलेल्या या पोकळ मूर्तींचा केशसंभार आणि दागिने इतके बारीक कोरलेले असतात, की नजर तिथेच रेंगाळते.

फोटोग्राफीने नजर वळवण्याचे हेच काम उजेडावर सोपवले. डार्करूममध्ये एन्लार्जरचा उजेड निगेटिव्हमधून कागदावर पडतो. जिथे जास्त पडेल तिथे चित्र काळवंडते. तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर धरली की तो उजळ राहतो. हाताच्या पोकळीतून कोपऱ्यावर जादा उजेड सोडला की तो कोपरा दबतो. मात्र चकती आणि हात सतत हलते ठेवावे लागतात, नाहीतर कागदावर कडा उमटते. १९९०मध्ये आलेल्या फोटोशॉपने ही दोन्ही कामे ‘डॉज’ आणि ‘बर्न’ या नावांनी तशीच उचलली. त्यांची चिन्हेसुद्धा तीच, काडीवरची चकती आणि वळलेला हात.

म्हणून मोबाइलवर फोटो सुधारताना मुख्य वस्तू भडक करण्याआधी तिचे प्रतिस्पर्धी शोधावेत: कडेचा उजळ पत्रा, मागची पांढरी भिंत, अर्धवट आलेला अनोळखी चेहरा. ते दबवले किंवा कापले की विषय आपोआप पुढे येतो.

पण प्राचीन मूर्तीच्या फोटोत हात जपून चालवावा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातल्या एखाद्या मूर्तीचा फोटो सुधारताना मानेची कडा काळोखात बुडवली, तर शिर पुढे कधी तुटले की मुळातच घडवले नव्हते, हे पाहणाऱ्याला कळणार नाही. तुटलेली कडा खडबडीत असते, घडवलेली सफाईदार. तो फरक फोटोत दिसलाच पाहिजे. नजर वळवावी, पण पुरावा झाकू नये.