इंजिनाचा ठोका

मे महिन्यात चिपळूणहून कराडला परत येत होतो. गाडी नवी, जेमतेम दीड हजार किलोमीटर चाललेली. पेट्रोल, टर्बो, फोर-बाय-फोर. (ही गाडी घ्यायची खरंच गरज होती का, ह्यावर आमच्या घरात भरपूर चर्चा झालेली आहे. ती इथे पुन्हा नको!) आत आम्ही पाच जण, मागे आंब्याच्या सहा पेट्या आणि मावशीने बळेच चढवलेला एक फणस. पोफळी मागे पडलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. पुढे एक भरलेला ट्रक रांगत होता, त्याच्या मागे मी, चौथ्या गिअरमध्ये. ऊन मी म्हणत होतं, पण अप्पांना एसी सोसत नाही म्हणून काचा खाली होत्या.

डोंगराच्या कडेला आलो आणि तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात चार खिळे टाकून हलवावेत तसा. टर्र-टर्र-टर्र.

आवाज मला नवीन नव्हता. आदल्या महिन्यात ऐकला होता, सर्व्हिस सेंटरला जाऊनही आलो होतो. तिथल्या मुलाने लॅपटॉप लावला, काही एरर नाही म्हणाला आणि "असा आवाज असतोच साहेब" असं सांगून मला वाटेला लावलं होतं. तेव्हापासून मी रेडिओ जरा मोठ्याने लावत असे.

अप्पा मागे बसले होते. वय एकोणऐंशी. फोनवर बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं.

"गाडी नॉकिंग करतेय," ते म्हणाले.

"नवी गाडी आहे अप्पा."

"नवी असली म्हणून काय झालं? तिसऱ्यात टाक. किती दमवतोस तिला."

तिसरा टाकला. इंजिन मोकळं झालं आणि आवाज गेला. पुढे कोयनानगरपर्यंत एकदाही आला नाही. दोष माझ्या डाव्या हातातच होता म्हणायचा. पूर्वीच्या डिझेल जीपच्या सवयीने मी वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पॅडल दाबून ह्या गाडीला चढ ओढायला लावत होतो.

असो. घरी आल्यावर हा नॉकिंगचा किडा डोक्यातून जाईना. महिनाभर मिळेल ते वाचत बसलो. आणि जे सापडलं, ते फिरून फिरून अप्पांच्या गॅरेजपाशीच येऊन थांबलं. म्हणून हा प्रपंच.

आधी नॉकिंग म्हणजे काय ते थोडक्यात. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि तिथून ज्योत पसरत जाते. वणवा जसा एका कडेने पुढे सरकतो, तसा. पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण फार दाबलं गेलं, फार तापलं, तर ज्योत तिथे पोचायच्या आधीच ते आपलं आपण भडकतं, एकदम. त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती वाजतात. तोच तो खिळ्यांचा आवाज. भर उन्हात, भरलेली गाडी, चढ आणि वरचा गिअर... मी सगळी तयारी अगदी साग्रसंगीत केली होती. हे फार काळ चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सगळे मोटारवाले ह्याच आवाजाने हैराण झाले होते. मिश्रण जितकं जास्त दाबाल, म्हणजे कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितकी तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त ताकद मिळते. पण दाब वाढवला की ठोका सुरू. इंग्लंडात हॅरी रिकार्डो ह्या आवाजाच्या मागे लागला होता. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग. ह्या केटरिंगचा सेल्फ स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि लोकांची हँडल मारण्यातून सुटका झाली. त्याच्या कंपनीची शेतघरांसाठी वीज तयार करणारी छोटी इंजिनं होती, रॉकेलवर चालणारी. ती फार ठोकायची. रॉकेल ह्या बाबतीत पेट्रोलपेक्षा कितीतरी वाईट. १९१६ साली त्याने हे काम थॉमस मिजली नावाच्या तरुण इंजिनिअरकडे सोपवलं.

पुढचा किस्सा मजेदार आहे. अमेरिकेत एक रानफूल आहे, ते बर्फ असतानाच फुलतं आणि त्याची पानं मागून लाल असतात. लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल, मग रॉकेल लाल केलं तर? अशी कल्पना निघाली. मिजली रंग आणायला गेला तर तेलात विरघळणारा लाल रंग जागेवर नव्हता. म्हणून त्याने आयोडीन घातलं आणि ठोका थांबला! मग दुसरे लाल रंग आणून घातले, तर काही फरक नाही. म्हणजे कल्पना साफ चूक, आणि उत्तर मात्र हाती लागलेलं. रंगाचा संबंध नव्हता, संबंध रसायनाचा होता.

आयोडीन महाग आणि धातू खाणारं. मग शोध सुरू झाला. अ‍ॅनिलिन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचा वास असा की कपडे बदलले, अंघोळ केली तरी अंगाचा जाईना, लसणासारखा. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात घातलं. शिशाचं एक द्रव संयुग. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरही लागत नव्हतं आणि ठोका गायब. २ फेब्रुवारी १९२३ ला ओहायोतल्या डेटन गावच्या पंपावर ते पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं 'एथिल'. शिशाचा उल्लेखच नाही.

इथे मी वाचता वाचता थांबलो, कारण शिसं विषारी आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. ते फार जुनं ज्ञान आहे. खुद्द मिजली १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या बाधेने आजारी पडला आणि हवापालटासाठी फ्लोरिडाला गेला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार एकामागून एक भ्रमिष्ट झाले. पाच जण मेले, तीसहून अधिक दवाखान्यात गेले. कामगारांमध्ये त्या वस्तूचं नाव 'वेडा गॅस' असं पडलेलं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं, मिनिटभर हुंगलं आणि सांगितलं, काही होत नाही.

दुसरा उपाय नव्हता असंही नाही. १९२१ सालीच मिजलीने पेट्रोलमध्ये ३० टक्के अल्कोहोल घालून गाडी चालवून दाखवली होती. अल्कोहोलने ठोका थांबतो हे त्याला पक्कं माहीत होतं. पण अल्कोहोल बरंच घालावं लागतं, आणि ते कुठलाही शेतकरी गाळू शकतो. शिसं चिमूटभर पुरतं आणि त्याचं पेटंट घेता येतं. कारणं आणखीही असतील, पण ही दोन पुरेशी होती.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारने परिषद बोलावली. येलचे यँडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या अ‍ॅलिस हॅमिल्टन ह्यांनी कडाडून विरोध केला. धोका कारखान्यातल्या कामगारांपुरता नाही, हे शिसं गाड्यांच्या धुरातून सगळ्या रस्त्यांवर पडणार आहे, असं त्यांचं म्हणणं. मग एक समिती नेमली. तिने ओहायोतले २५२ पुरुष तपासले. कोण होते हे? ड्रायव्हर आणि गॅरेजमध्ये काम करणारी माणसं. काही महिन्यांची तपासणी, आणि १९२६ च्या जानेवारीत निष्कर्ष असा की बंदी घालण्याइतकं कारण दिसत नाही, अभ्यास मात्र चालू ठेवावा. पेट्रोल पुन्हा विक्रीला आलं आणि जगभर गेलं.

आमच्या कराडातही आलं.

अप्पांचं गॅरेज ज्यांनी पाहिलंय त्यांना दाराजवळचं ते अर्धं कापलेलं पेट्रोलचं डबडं आठवत असेल. संध्याकाळी काम संपलं की अप्पा आणि गॅरेजातली पोरं त्यात हात धुवायची. ग्रीस निघायला त्याच्यासारखं काही नाही. टाकीतून पेट्रोल काढायचं तर नळी तोंडाने ओढायची, थोडं तोंडात यायचंच, पचकन थुंकायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. टेट्राएथिल लेड कातडीतून सरळ आत जातं, हे त्यांना कोणी सांगायचं?

माझं काम प्लग घासायचं. आठ-नऊ वर्षांचा होतो. तारेच्या ब्रशने प्लगवरची करडी-पिवळट पुटं घासायची आणि तोंडाने फुंकर मारून उडवायची. एका प्लगला दहा पैसे. ती पुटं बहुतेक शिशाचीच असत. इंजिनात शिसं साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमिनचं संयुगही घालत, त्यामुळे बरंचसं शिसं धुरावाटे बाहेर जायचं. म्हणजे रस्त्यावर. उरलेलं प्लगवर, माझ्यासाठी.

आमच्यापैकी कोणाच्या रक्तातलं शिसं कधी कोणी मोजलं नाही. अप्पांची मधूनमधून उठणारी पोटदुखी, चिडचिड, सदा दुखणारं डोकं... ते कशामुळे, हे आता कोणी सांगू शकणार नाही आणि मीही जोडायला जाणार नाही. पण आवाज बंद करायची किंमत भरणाऱ्यांत आपण असू शकतो, हे त्या दिवसापासून मनात बसलंय.

ही गोष्ट उलटी फिरवली ती क्लेअर पॅटरसन ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने. उल्केतल्या शिशावरून त्याने १९५६ साली पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षांच्या वर काढलं. ते मोजताना त्याच्या प्रयोगशाळेत सगळीकडे शिसंच शिसं सापडे. ते कुठून येतं हे शोधत तो समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत गेला आणि बोट थेट पेट्रोलकडे दाखवलं. पुढे १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमनने मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून त्याचा संबंध बुद्ध्यंकाशी दाखवला. तरी अमेरिकेत बिनशिशाचं पेट्रोल १९७० च्या दशकात आलं ते मुख्यतः गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले आणि शिशाने ते निकामी होत म्हणून. भारतातही तसंच. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कन्व्हर्टरच्या नव्या गाड्या आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल. सगळ्या देशात शिसं बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० ला. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये.

२००० साली गॅरेजात काय गहजब झाला होता! "शिसं गेलं, आता व्हॉल्व्हच्या सीटा खाणार" म्हणून जुन्या जीपवाले अप्पांना विचारत होते. धास्ती अगदीच खोटी नव्हती, शिशाचा थर त्या सीटांना राखायचा. अप्पांनी काही इंजिनांना कडक सीटा बसवल्या आणि विषय संपला.

आणि आता गंमत बघा. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. म्हणजे मिजलीचं १९२१ चं अल्कोहोल शंभर वर्षांनी परत आलं, आणि त्यातलं बरंचसं उसाचं, आमच्याच भागातल्या साखर कारखान्यांचं. ठोक्याला ते उत्तम. त्याचेही प्रश्न आहेत. अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची काळजी घ्यावी लागते, आणि ऊस पाणी किती पितो हे आम्हाला कोणी सांगायला नको. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझी गाडी दारू पिते. तरीच."

माझ्या गाडीच्या ब्लॉकला एक छोटा सेन्सर घट्ट बोल्टने बसवलेला आहे. तो ठोक्याची थरथर ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. पूर्वी अप्पा इंजिनाला कान लावून, डिस्ट्रिब्युटर हाताने केसभर फिरवून तेच करायचे. सेन्सरला मर्यादा असते, चौथ्या गिअरमध्ये घाट चढवायचा हट्ट धरला तर तो तरी काय करणार. पुन्हा सर्व्हिस सेंटरला जाऊन सेन्सर आणि त्याची वायर तपासून घेतली. ठीक होती. आता चढ लागला की रेडिओ बंद करतो.

गेल्या रविवारी अप्पांची जुनी हत्यारपेटी आवरत होतो. तळाशी तो तारेचा ब्रश होता, तारांच्या मुळाशी अजून करडी भुकटी. धाकट्याने तो उचलला, तोंडाजवळ नेला आणि फुंकर मारायला गाल फुगवले. मी ओरडलोच. ब्रश पिशवीत गुंडाळून वर ठेवला आणि त्याला साबणाने हात धुवायला पाठवलं.

अप्पा बघत होते. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून तेही हात धुवून आले.