चेहरा ओळखणारी व्हॅन आणि न विचारलेला प्रश्न

आजची गोष्ट कार्डिफची, म्हणजे वेल्सच्या राजधानीची. विषय वरवर कोरडा वाटेल: आपल्या कामाचा वेगवेगळ्या लोकांवर काय परिणाम होतो हे पोलीस तपासतात का, आणि त्यांची ती तपासणी पुन्हा कोण तपासतं? पण या गोष्टीत एक सॉफ्टवेअर आहे, दोन कोर्टं आहेत आणि एक युक्तिवाद आहे, जो आमच्या फील्डमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो.

जून २०१७. कार्डिफमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल होती. त्या बंदोबस्तात साउथ वेल्स पोलिसांनी गर्दीतले चेहरे ओळखणारे कॅमेरे लावले. सिस्टीमने २,४७० वेळा 'सापडला' म्हणून सांगितलं. त्यातल्या २,२९७ वेळा माणूस भलताच होता.

हे चालतं कसं, ते आधी बघू. तुमचा फोन चेहरा बघून उघडतो, तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: हा मालक आहे का? पोलिसांच्या व्हॅनचं काम वेगळं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक चेहरा ती एका यादीशी ताडून बघते. कार्डिफमध्ये त्या यादीत साधारण ४०० ते ८०० लोक असायचे. चेहरा किती जुळतो याचा एक आकडा येतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की अलर्ट वाजतो. मर्यादा खाली आणली की जास्त गुन्हेगार सापडतील, पण निरपराध माणसंही जास्त अडकतील. ही मर्यादा ठरवतो माणूसच.

एड ब्रिजेस नावाचे एक कार्डिफकर डिसेंबर २०१७ मध्ये ख्रिसमसच्या खरेदीला क्वीन स्ट्रीटवर गेले होते. तिथे व्हॅन उभी. मार्च २०१८ मध्ये ते शस्त्रांच्या प्रदर्शनाबाहेर निदर्शनाला गेले, तिथेही व्हॅन. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. लिबर्टी या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीने ते कोर्टात गेले.

आता असं नाही की पोलिसांनी कागदपत्रं केलीच नव्हती. एप्रिल २०१७ चं 'इक्वॅलिटी इम्पॅक्ट असेसमेंट' फाइलला होतं. प्रश्न एवढाच होता की हे सॉफ्टवेअर बायकांच्या किंवा काळ्या लोकांच्या बाबतीत जास्त चुकतं का, हे कोणी तपासलं होतं का?

२०१९ मध्ये पहिल्या कोर्टाने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. सॉफ्टवेअर भेदभाव करतं असा ठोस पुरावाच नाही, मग पोलिसांची चूक कशी, असं कोर्टाचं म्हणणं. हाच तो युक्तिवाद. "बग रिपोर्ट झालेला नाही, म्हणजे बग नाही." टेस्टच चालवली नसेल तर रिपोर्ट कुठून येणार?

इथे थोडं मागे जाऊ. २२ एप्रिल १९९३, लंडन. स्टीफन लॉरेन्स हा १८ वर्षांचा काळा मुलगा बसची वाट बघत असताना गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने त्याचा खून केला. तपासाची पोलिसांनी पार वाट लावली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने त्याला 'संस्थात्मक वंशवाद' म्हटलं. म्हणजे काय, तर एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असं नाही. नकळत, सवयीने, विचार न करता सगळी संस्थाच अन्याय करू शकते.

त्यातून २००० साली कायदा बदलला आणि पुढे २०१० च्या इक्वॅलिटी अॅक्टमध्ये तेच तत्त्व आलं: तक्रार येईपर्यंत थांबू नका, काम करतानाच परिणामांचा विचार करा. नकळत होणारी चूक पकडायची तर आधी ती शोधायला हवी ना?

११ ऑगस्ट २०२० ला अपील कोर्टाने नेमकं हेच धरलं. ब्रिजेस यांचे पाचपैकी तीन मुद्दे मान्य झाले. कोणावर आणि कुठे नजर ठेवायची हे नियमांनी पोलिसांच्या मर्जीवर सोडलं होतं, म्हणून खासगीपणाच्या हक्काचा भंग झाला. डेटा संरक्षणाचं मूल्यांकन सदोष होतं. आणि तिसरा मुद्दा समानतेचा: सॉफ्टवेअरमध्ये पक्षपात नाही याची खात्री पोलिसांनी स्वतःही केली नाही आणि बाहेरच्या कोणाकडूनही करून घेतली नाही.

या निकालातले दोन तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात. एक, सॉफ्टवेअर कोणत्या चेहऱ्यांवर शिकलं हे कंपनीने व्यापारी गुपित म्हणून सांगितलं नव्हतं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक अनिल जैन, मूळचे आयआयटी कानपूरचे, यांनी साक्षीत सांगितलं की ते कळल्याशिवाय पक्षपात मोजताच येत नाही. कोर्ट म्हणालं, गुपित समजू शकतो, पण पोलिसांची जबाबदारी त्याने संपत नाही. दुसरा, न जुळलेले चेहरे लगेच डिलीट होत होते. खासगीपणासाठी हे उत्तमच. पण मग एकूण किती बायका, किती काळे लोक कॅमेऱ्यासमोरून गेले हेच माहीत नाही. भागाकारातला छेदच गायब, तर चुकीचं प्रमाण काढणार कसं?

मोजणं मात्र शक्य होतं. २०२३ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने साउथ वेल्स आणि लंडनचे पोलीस वापरत असलेल्या सिस्टीमची चाचणी जाहीर केली. मर्यादा ०.६ किंवा त्याहून वर ठेवली तर वेगवेगळ्या गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. ०.५६ वर आणली तर काळ्या लोकांबाबत चुकीचे अलर्ट जास्त येऊ लागले. सॉफ्टवेअर तेच, सेटिंग फक्त वेगळं.

निकालाने या तंत्रज्ञानावर बंदी आणली नाही. कार्डिफमध्ये व्हॅन पुन्हा फिरू लागल्या. पण "आम्हाला माहीत नव्हतं" ही पळवाट बंद झाली. म्हणून कुठल्याही असेसमेंटची फाइल हातात आली की मी आधी एवढंच बघतो: हे मोजलं कोणी, कधी आणि कोणत्या सेटिंगवर? उत्तर नसेल तर ती फाइल अजून कोरीच आहे.

तुमचं मत कळवा. भेटू पुढच्या भागात.