कुरुंद, कागद आणि फिरता पट्टा

लांकूडकामाचा इतिहास लिहिणारे करवत, रंधा आणि पटाशी यांविषयीं विस्तारानें लिहितात. परंतु रंध्याचें काम संपल्यावर जें शेवटचें घांसकाम करावें लागतें, त्याची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः सुताराच्या सर्व कामांत हें अत्यंत कंटाळवाणें, आणि म्हणूनच तें यंत्राच्या गळ्यांत बांधण्याची माणसास फार दिवसांची हौस.

यंत्रापूर्वीं कागद होता, आणि कागदापूर्वीं निसर्गानेंच दिलेल्या खरखरीत वस्तू. शार्क माशाचें वाळविलेलें कातडें आणि अंगांत रेतीचा सूक्ष्म अंश असलेली अश्वपुच्छ वनस्पति युरोपांतील सुतार वापरीत. आपल्याकडील कारागीर कुरुंदाची पूड लाखेंत मळून तिचीं चाकें करीत. इंग्रजींतील ‘कोरंडम’ हा शब्द या कुरुविंदाचा, तमिळ ‘कुरुंदम्’चाच वंशज होय! कागदावर सरसानें कांचेची पूड बसवून तो कारखान्यांत तयार करण्याचें श्रेय लंडनच्या जॉन ओकी यास देतात (१८३३). पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत व्हर्माँट संस्थानांतील आयझॅक फिशर यानें अशा कागदाचें पेटंट घेतलें.

याच कुरुंदाच्या आशेनें १९०२ सालीं लेक सुपीरियरच्या कांठीं टू हार्बर्स या गांवीं पांच गृहस्थांनीं मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग नांवाची कंपनी काढली. खाणींतून निघालेला दगड कुरुंद नव्हेच, ॲनॉर्थोसाइट नांवाचा, या कामीं निरुपयोगी असा दगड होता. खाण फसली; तेव्हां बाहेरून खडा आणून कागद तरी करावा, म्हणून १९०५ सालीं डुलुथ येथें कारखाना घातला. दैवानें तेथेंहि पाठ सोडली नाहीं. १९१४ सालीं गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊं लागल्या कीं, कागद वापरावयास घेतांच कण झडून जातात. शोधाअंतीं आढळलें तें असें : स्पेनहून गार्नेटचीं पोतीं ज्या जहाजानें आलीं, त्याच जहाजावर ऑलिव्ह तेलाचीं पिंपें होतीं, वादळांत कांहीं पिंपें फुटून तेल पोत्यांत मुरलें होतें. तेलकट कणास सरस धरणार कसा? खडा भाजून तेल घालवावें लागलें, आणि १९१६ सालीं कारखान्यांत प्रयोगशाळा उभी राहिली. ही हकीकत विनोदी वाटते खरी. पण घांसकाम हातानें होवो कीं यंत्रानें, सारी भिस्त कण आणि सरस यांच्या मिठीवर आहे, हें तीवरून जितकें स्पष्ट होतें तितकें कोणत्याहि पाठ्यपुस्तकावरून होत नाहीं.

पट्ट्याचीं अवजड यंत्रें मोठ्या कारखान्यांत आधींपासूनच होतीं. १९२६ सालीं सिराक्यूज येथील पोर्टर-केबल कंपनीचा आर्ट एमन्स यानें हातांत धरून चालविण्याजोगें विजेचें पट्टायंत्र काढलें. तिकडे मिलवॉकी येथें हर्बर्ट टाउट्झ यानें १९१९ सालीं स्थापिलेली डेल्टा कंपनी घरगुती कामखोलीसाठीं लहान यंत्रें करूं लागली. यंत्र अशा रीतीनें घरांत आलें. कारखान्यांत त्याची निगा राखणारा पगारी मिस्त्री मात्र मागेंच राहिला. घरधन्यासच मिस्त्री व्हावें लागलें. या इतिहासांतील मोठा पालट माझ्या मतें हाच होय.

या मिस्त्रीपणाची पहिली परीक्षा पट्टा घेतो. तो दोन रुळांवर फिरतो. वरवर सरळ दिसणारा रूळ मध्यें किंचित् फुगीर असतो. धांवतां पट्टा त्या फुगवट्याकडे चढतो आणि मध्यावर टिकून राहतो. पुढील रूळ स्क्रूनें थोडा तिरपा करून पट्टा डावीउजवीकडे सरकवितां येतो. पट्टा भरकटूं लागला कीं नवशिका हाच स्क्रू पिळीत बसतो. मींहि एका जुन्या यंत्राशीं दोन दिवस हेंच केलें. दोष निघाला रुळावर राळेसह थापून बसलेल्या भुशाच्या थराचा! तो लांकडी खापेनें खरवडतांच पट्टा शहाण्यासारखा चालूं लागला. पट्ट्याच्या पाठीवरील बाणहि उगाच छापलेला नसतो. एकावर एक चढविलेला सांधा उलट फिरविल्यास उकलतो. जुन्या पट्ट्यांचा प्राणिज सरस ओलीस भीत असे. पुढें कृत्रिम राळेचे पट्टे निघाले, तेव्हां तें भय पुष्कळ कमी झालें. मोटारीचे कोळशाचे ब्रश झिजले कीं ठिणग्या वाढतात आणि वेग मंदावतो; ते बदलणें पांच मिनिटांचें काम आहे.

भुसा केवळ यंत्राचाच शत्रु नव्हे. लांकडाची धूळ माणसांत कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिला. माझ्या यंत्राची धूळ धरणारी कापडी पिशवी सध्यां उसवलेली आहे. ती शिवून होईपर्यंत यंत्र कपाटांत आहे, आणि मेजाचा उरलेला पाय मी हातानेंच घांसतों आहें.