मोलकरणींचा सिनेमा दुपारी तीनला

करंजाड्यात बायकांनी दिग्दर्शित केलेले लघुपट दाखवायचं ठरलं, तेव्हापासून आम्हाला जो तो विचारतोय, “बायका सिनेमा काढायला लागल्या तरी कधी?” तर आज तेच सांगतो.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषालाच लुगडं नेसवलं. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, या मायलेकी पडद्यावर आल्या. पण कॅमेऱ्यामागे उभं राहून सूचना देणारी बाई दिसायला १९२६ साल उजाडलं. त्या फातमा बेगम, चित्रपट ‘बुलबुल-ए-परिस्तान’. आज तो पाहायला मिळत नाही.

आम्हाला खरं बोलायचंय ते १९८० नंतरच्या लघुपटांबद्दल. त्या सुमारास पुण्यात धुणं-भांडी करणाऱ्या बायकांनी काम बंद ठेवलं होतं. पगारवाढ हवी, हक्काची सुट्टी हवी, एवढंच त्यांचं मागणं. त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. त्याच काळात दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ नावाचा गट काढला होता. (चौघांत नवरोज हे एकटे पुरुष, आणि कॅमेरा त्यांच्या खांद्यावर!) या गटाने पुण्याच्या बायकांसोबत १९८१ साली ‘मोलकरीण’ हा लघुपट केला. साधारण पंचवीस मिनिटांचा, मराठीत. किती घरं, किती भांडी, हातात पैसे किती, हे ज्या बाईने भोगलं तीच त्यात बोलते.

पुढच्याच वर्षी त्यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लघुपट केला. निपाणी कर्नाटकात असली तरी बायकांची बोली मराठीच. युगांतरची मंडळी चार महिने त्यांच्यात राहिली. आधी ऐकलं, मग चित्रण केलं. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते त्या कारखान्यांच्या आतही कॅमेरा गेला. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं, कारण दोन दिवसांत येऊन फोटो काढून जाणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

हे लघुपट थिएटरसाठी नव्हतेच. सोळा मिलिमीटरची रिळं आणि प्रोजेक्टर घेऊन वस्तीत जायचं, दाखवायचं आणि मग दिवे लावून बोलत बसायचं. नंतर ती रिळं मागे पडली. पुढे बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ संस्थेच्या मदतीने त्यांचं डिजिटल रूप झालं, म्हणून आज आपण ते पाहू शकतो.

पुण्याच्याच सुमित्रा भावे समाजकार्याच्या शिक्षिका. वस्तीतल्या बायकांचा अभ्यास केला आणि त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांच्यावर लिहिलं त्यांना तो अहवाल वाचताच येणार नाही. सिनेमाचं शिक्षण नव्हतं, तरी १९८५ साली त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘पाणी’ आला. २०२१ साली त्या गेल्या, तोवर काम थांबलं नव्हतं.

आता आपल्या करंजाड्याचं. इथे मूळ गावातल्या बायका आहेत, विमानतळासाठी घरदार सोडून आलेल्या आहेत आणि सेक्टरमधल्या टॉवरमध्ये राहणाऱ्याही आहेत. सकाळी यातल्याच काहीजणी इतरजणींच्या घरी भांडी घासायला जातात. म्हणूनच यादीत ‘मोलकरीण’चं नाव आलं तेव्हा कुजबुज झाली. “हा सिनेमा त्यांना कशाला? उद्या सुट्ट्या मागतील,” असं एकीने तोंडावर म्हटलं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झालाय, हे तिला ठाऊक नव्हतं. भांडी घासणाऱ्या बऱ्याचजणींनाही ते ठाऊक नाही.

आम्ही सिनेमा बदलला नाही, वेळ तेवढी बदलली. आधी संध्याकाळी सहाचा बेत होता. पण सहाला कामवाल्या बायका दुसऱ्या फेरीच्या भांड्यांत असतात. म्हणून आता दुपारी तीन. पोरं सोबत आणली तरी चालतील. खुर्च्यांना नावं नाहीत. जी आधी येईल ती पुढे बसेल. सिनेमा संपला की दिवे लावणार, आणि पहिलं बोलणं कामाला जाणाऱ्या बायकांचं.