अठराशे रुपयांचा अर्धवट खेळ



इथे आपण वाड्यांबद्दल, गणपतीच्या मेळ्यांबद्दल, सुरसागरच्या काठच्या गप्पांबद्दल लिहितो. दांडिया बाजारातल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांबद्दल मी स्वतः दोनदा लिहिलं आहे. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला चौऱ्याहत्तराव्या वर्षी काय सुचलं! विषय आहे कॉम्प्युटरवरच्या बंदुकांच्या एका खेळाचा. पण त्यात हिशेब आहे, आणि हिशेब दिसला की मला गप्प बसवत नाही.

जानेवारी २०१४. नातू दहावीत होता. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला, पाय दाबू का म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी हवंय. "आजोबा, तुमचं कार्ड बाहेरच्या देशात चालतं ना?" एक खेळ घ्यायचा होता, नाव डे-झी. किंमत तीस डॉलर. तेव्हा डॉलर बासष्टच्या आसपास होता, म्हणजे साडेअठराशे रुपये. दहावीच्या निकालानंतर मिळणाऱ्या बक्षिसातून परत देईन, असा तोंडी करार झाला.

बँकेतली सवय, म्हणून सही करण्याआधी कागद वाचायला मागितला. त्याने विक्रीचं पान उघडून दाखवलं. त्यावर ठळक अक्षरांत अशा अर्थाचा इशारा होता की हा खेळ अपूर्ण आहे, तो बनवायला हातभार लावायचा नसेल आणि मोठ्या अडचणी सोसायची तयारी नसेल, तर कृपया विकत घेऊ नका. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत माल विकणाऱ्यानेच 'घेऊ नका' म्हटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

या पद्धतीला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात. खेळ अर्धवट असतानाच पूर्ण पैसे भरायचे, आहे तसा खेळायचा, चुका कळवायच्या, आणि अपडेट येतील तशी वाट बघायची. खेळ विकणाऱ्या स्टीम नावाच्या दुकानाने मार्च २०१३ मध्ये ही सोय सुरू केली होती. आपल्या पिढीला हे अगदीच नवं नाही. मी १९७६ साली स्कूटर नोंदवली ती १९८४ साली दारात आली. पण त्या आठ वर्षांत एक चाक आणि हँडल देऊन "तोपर्यंत हे चालवा" असं कुणी म्हटलं नव्हतं!

आता हा खेळ आला कुठून ते सांगतो, कारण ती गोष्ट खरोखर ऐकण्यासारखी आहे.

डीन हॉल नावाचा न्यूझीलंडचा एक सैनिक. ब्रुनेईच्या जंगलात तग धरण्याच्या प्रशिक्षणात त्याची उपासमार झाली, इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. भूक लागलेला, थकलेला, एकटा माणूस निर्णय कसे घेतो, हे त्याने स्वतःवर अनुभवलं. प्रागच्या बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह या कंपनीचा आर्मा २ हा लष्करी खेळ तेव्हा बाजारात होता. त्याच खेळावर २०१२ मध्ये त्याने आपलं एक जोडकाम चढवलं. खेळाडू समुद्रकिनाऱ्यावर जवळजवळ रिकाम्या हाताने जागा होतो. तहान, भूक, थंडी, ताप सगळं लागतं. गावांत झोंबी फिरतात. पण खरी भीती त्यांची नाही, त्याच सर्व्हरवर असलेल्या इतर जिवंत खेळाडूंची. समोरचा पाणी देईल की गोळी घालेल, ते सांगता येत नाही. आणि मेलात की जमवलेलं सगळं गेलं, पुन्हा किनाऱ्यावर रिकाम्या हाताने.

एकदा नातू जेवायला बसला तेव्हा तोंड उतरलेलं. तीन आठवडे सांभाळलेला गडी रात्री मेला होता. मी विचारलं, "नॉमिनी कोण लावला होतास?" तो हसला नाही.

ज्या प्रदेशात हे चालतं तो चेर्नारुस, नकाशावर नसलेला देश. पण त्याचे डोंगर, ओढे आणि रस्ते उत्तर बोहेमियातल्या खऱ्या भागावरून, ऊस्ती शहराच्या परिसरावरून घेतलेले आहेत. सव्वादोनशे चौरस किलोमीटर. चेक लोकांनी आपल्याच घरामागचा डोंगर जगाला विकला, असं म्हणा ना. या लोकांना खरी ठिकाणं नीट टिपायची भारी हौस. त्याच कंपनीचे दोन कर्मचारी सप्टेंबर २०१२ मध्ये ग्रीसच्या लेम्नोस बेटावर गेले असता, लष्करी जागांचे फोटो काढले म्हणून हेरगिरीच्या संशयावरून पकडले गेले. आम्ही सहलीला आलो होतो असं ते सांगत राहिले. जानेवारी २०१३ मध्ये जामीन मिळेपर्यंत दोघं तिथल्या तुरुंगात होते. कंपनीचा पुढचा खेळ नेमका त्याच बेटावर बेतलेला होता.

असो. हॉलचं जोडकाम चार-पाच महिन्यांतच दहा लाख लोकांपर्यंत पोचलं. तेव्हा कंपनीने ठरवलं की याचा स्वतंत्र खेळ करायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये जाहीर झालं, आणि वर्ष संपायच्या आत देऊ असा होरा होता. तो उतरला १६ डिसेंबर २०१३ ला, आणि तोही अर्धवट. तरी चार आठवड्यांत दहा लाख प्रती गेल्या. मे २०१४ पर्यंत वीस लाख. त्यातली एक आमची.

इथे माझ्यातला बी. कॉम. जागा होतो. कॉमर्स फॅकल्टीत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की माल द्यायच्या आधी आलेला पैसा हे उत्पन्न नाही, ते देणं आहे. ताळेबंदात ते देण्यांच्या बाजूला दिसलं पाहिजे. नातवाला हे समजावलं तर म्हणाला, "पण आजोबा, मी खेळतोय ना? मग माल मिळालाच की." याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. स्कूटरच्या आठ वर्षांत मी पायी चालत होतो, आणि हा रोज चेर्नारुसमध्ये फिरत होता. मग तीस डॉलरपैकी किती त्या दिवशीच वसूल झाले आणि किती उरले? आजही मला हा जमाखर्च नीट मांडता आलेला नाही.

२०१४ च्या अखेरीस आराखडा आला की पूर्ण आवृत्ती २०१६ मध्ये. त्याच सुमारास स्वतः हॉल बाहेर पडला. आपण जाणार हे त्याने वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि या खेळाच्या कल्पनेतच मुळात खोट आहे असंही तो बोलून गेला होता. वीस लाख लोकांनी ज्याच्याकडे बघून पैसे टाकले, तोच निघाला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मुख्य प्रवर्तकाने कर्जफेडीच्या आधीच राजीनामा दिला. आमच्या कर्ज विभागात अशी फाइल लाल दोरी बांधून वरच्या साहेबांकडे गेली असती.

मग २०१६ आलं आणि गेलं. २०१७ ही गेलं. उशिराचं कारण नातू मला सांगायचा, आणि मला ते पटायचं. जुन्या आर्माच्या इंजिनावर हा डोलारा उभा केला होता. ते इंजिन मोठ्या मैदानी लढायांसाठी बनवलेलं, आणि इथे हवी होती शेकडो घरांच्या आतली एकेक डबा, एकेक बूट मोजणारी यंत्रणा. म्हणून त्यांनी चालत्या खेळाखालचं इंजिन तुकड्यातुकड्याने बदलायला घेतलं. ब्रातिस्लाव्हाचा एक स्टुडिओ २०१४ मध्ये विकत घेऊन या कामाला जोडला. २०१६ मध्ये चित्र दाखवणारा भाग नवा आला. माणसाची हालचाल, धाव, नेम हा भाग नवा करायला त्याहून खूप वेळ लागला. कंपनी कामाचे अहवाल नेमाने छापत होती, पण खेळणाऱ्याच्या हातात महिनोन् महिने काहीच येत नव्हतं. आणि मोठं अपडेट आलं की बऱ्याचदा सगळ्यांचा जुना साठा पुसून टाकत. खातं शून्यावर! मला हे ऐकूनच घाम फुटला होता.

भाड्याने राहणाऱ्यांना घरात ठेवून पाया बदलायचा, हा प्रकार मी स्वतः केलाय. म्हणून पुढची गोष्ट.

२००५ साली मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. बँकेचं आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं नाव नको. शाखा मध्यवर्ती कॉम्प्युटरला जोडायची होती. तारीख तीनदा पुढे गेलेली, आणि चौथी चुकवायची नाही असं वरून बजावलेलं. शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण रात्री सेव-उसळ मागवून बसायचो, आणि काय तयार आहे, काय नंतर बघू, याची यादी करायचो. जुन्या रिकरिंग ठेवींचं व्याज काही खात्यांत जुळत नव्हतं. ते 'नंतर बघू' मध्ये गेलं. मग मी 'शाखा तयार आहे' या दाखल्यावर सही केली. खालच्या कोपऱ्यात अपवादांची नोंद करता आली असती. जागा होती. मी केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. ठेवीची मुदत संपली होती आणि तीनशे चाळीस रुपये कमी आले होते. त्यांनी स्वतःच्या वहीत महिन्यावार व्याज मांडून आणलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. पैसे मिळायला एकोणीस दिवस लागले. रोज यायच्या, बाकावर बसायच्या, आवाज चढवायच्या नाहीत. "तुमच्या मशीनचं झालं का, भाऊ?" एवढंच विचारायच्या. मशीनचं नव्हतं ते, माझ्या सहीचं होतं. पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.

म्हणून २०१८ चा उन्हाळा-पावसाळा मी नातवाच्या खांद्यावरून फार बारकाईने पाहिला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत घरी यायचा. पूर्ण आवृत्ती त्याच वर्षी द्यायची, असं प्रागकरांनी ठरवलं होतं. मग याद्या येऊ लागल्या. बीटात काय असेल, पूर्ण आवृत्तीत काय, त्याच्यानंतर काय. घर-तटबंदी बांधणं आत. गाड्या आत, पण थोड्या. खेळाडूंनी स्वतः बदल करून आपले सर्व्हर चालवायची साधनं आत. जुन्या अल्फातल्या कितीतरी गोष्टी बाहेर. २०१४ च्या सुमारास आलेला एक जाडजूड ट्रक नातवाच्या आवडीचा होता, तोही बाहेर. नव्या पायावर जुनी प्रत्येक वस्तू पुन्हा घडवावी लागणार होती आणि तेवढा वेळ उरला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये बीटा आला आणि १३ डिसेंबर २०१८ ला त्यांनी सही केली. पाच वर्षांना तीन दिवस कमी. त्या दिवशीचे अभिप्राय कडवट होते. पाच वर्षं पैसे अडकलेले लोक म्हणत होते, याला पूर्ण कसं म्हणता? नातूही चिडला होता. "नुसता आकडा बदललाय," म्हणाला.

माझं मत तेव्हा त्याच्यापेक्षा वेगळं होतं आणि आजही आहे. त्यांनी तारीख पाळायला माल कापला, हे खरं. पूर्ण हा शब्द फार ताणला, हेही खरं. पण काय येणार नाही, याची यादी लोकांसमोर ठेवली होती. माझ्या दाखल्याच्या खालचा कोपरा कोराच राहिला होता. त्यामुळे त्यांना शिव्या घालायला माझी जीभ वळेना. मात्र २०१२ साली 'वर्षाअखेर' आणि २०१४ साली '२०१६' म्हणताना कुणी दोन दिवस बसून कामाचा अंदाज बांधला होता का, याची शंका मला आहेच. तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही.

आणि मग जे झालं ते माझ्या कुठल्याच नियमात बसत नाही. साधारणपणे असं खातं बुडीतात जातं. हे गेलं नाही. २०१९ मध्ये खेळ एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर गेला, त्याच वर्षी लिव्होनिया नावाचा नवा प्रदेश आला. खेळाडूंनी स्वतःचे सर्व्हर उभारून त्यात आपापले नियम घातले, आणि खेळायला येणारे कमी व्हायच्या ऐवजी वर्षानुवर्षं वाढत गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बर्फाळ बेटांचा साखाल आला. 'पूर्ण' झाल्यावर सहा वर्षांनी! अपडेट अजून येतायत. म्हणजे देणं फेडायचं काम सही झाल्यावरच मन लावून सुरू झालं, असं दिसतं.

नातू आता सत्तावीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. या दिवाळीत आला तेव्हा लॅपटॉप उघडून मला बोलावलं. धुकं, ओला रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला तोच जाडजूड ट्रक उभा. नाव थोडं बदललेलं, पण तोच. काही वर्षांपूर्वीच परत आलाय म्हणे, हा आत्ता दाखवत होता. त्याला चाकं नव्हती, ती शोधायला लागतात. आम्ही दोघं तासभर चेर्नारुसच्या शेडांमधून चाकं शोधत होतो. म्हणजे तो शोधत होता, मी "डावीकडे बघ" म्हणत होतो. दोन सापडली. तिसऱ्यासाठी निघालो तर कुणीतरी झाडीतून गोळी घातली, आणि खेळ संपला.

ही आतून ओरडली, फराळ गार होतोय. उठता उठता मी त्याला विचारलं, "ते दहावीच्या निकालानंतर द्यायचे साडेअठराशे?"

"आजोबा," म्हणाला, "ते अजून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आहेत."